भाडेकरूने वाडा विकत मागितला तेव्हा: सॅनडिस्क, २००८

२१ सप्टेंबर २००८, रविवार. गणपती विसर्जनाला आठवडा झाला होता आणि पितृपंधरवडा सुरू होता. सोमवारी अमेरिकेतल्या लेहमन ब्रदर्स या गुंतवणूक बँकेने दिवाळं काढलं होतं. कोथरूडच्या काकांनी मला सकाळी साडेआठलाच फोन केला. "ये, आणि येताना कॅल्क्युलेटर आण. माझ्यातली बॅटरी गेलीय." त्यांच्या बोलण्यात 'माझ्यातली' म्हणजे कॅल्क्युलेटरमधली, हे वीस वर्षांच्या ओळखीनंतर कळतं.

काका पिंपरीच्या एका कारखान्यात कॉस्टिंग विभागात आयुष्यभर काम करून निवृत्त झालेले. नोव्हेंबर २००७मध्ये त्यांनी रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेतून डॉलर पाठवून सॅनडिस्क या अमेरिकेतल्या मेमरी कार्ड कंपनीचे ३०० शेअर घेतले होते. भाव चाळीस डॉलरच्या आसपास, डॉलर ३९ रुपयांना. म्हणजे पावणेपाच लाखांच्या जवळपास रक्कम, तीही पीएफच्या पैशातली. कारण एकच, आणि ते मलाही तेव्हा पटलं होतं. ज्याच्या-त्याच्या मोबाइलमध्ये, कॅमेऱ्यात मेमरी कार्ड जात होतं आणि कार्डावर बहुतेक वेळा हेच नाव असायचं.

दहा महिन्यांत शेअर तेरा डॉलरवर आला. मग त्या आठवड्यात बातमी आली की सॅमसंगने कंपनी २६ डॉलर प्रति शेअर रोखीने विकत मागितली, एकूण ५८५ कोटी डॉलरला. बोलणी चालू असल्याची कुणकुण लागण्याआधीच्या भावाच्या जवळजवळ दुप्पट. सॅनडिस्कच्या संचालक मंडळाने नकार दिला. आमची वाढ जमेत धरलेली नाही, मंदीत हेरून मागणी घातली आहे, असं त्यांचं म्हणणं. बाजारात भाव वीस-एकवीसवर जाऊन थबकला.

काकांपुढचा प्रश्न साधा होता. एकवीसला विकायचं, सव्वीसची वाट बघायची, की दोन्ही सोडून कंपनीबरोबर राहायचं? काकूंनी आतून सांगितलं, पितृपक्षात व्यवहार करू नये. काका म्हणाले, "घेऊ नये म्हणतात. विकायला बंदी नाही."

मी अर्थशास्त्र शिकवतो आणि हे प्रकरण नंतर अनेकदा वर्गात घेतलं आहे. आकड्यांपेक्षा त्या रविवारी काकांनी ज्या क्रमाने प्रश्न विचारले तो क्रम मला जास्त मोलाचा वाटतो. मी सुरुवात चुकीच्या टोकाकडून केली होती.

शंकरपाळ्याचा हिशोब

मी सोबत नेलेला मुद्दा असा: कंपनीचा खर्च झपाट्याने उतरतो आहे, म्हणून थांबावं. जपानमधल्या योक्काइची इथे तोशिबा आणि सॅनडिस्कचे भागीदारीतले कारखाने आहेत. तिथे ५६ नॅनोमीटरवरून ४३ नॅनोमीटरवर उत्पादन चाललं होतं. हे माप चिपवर कोरल्या जाणाऱ्या रेघांचं. रेघा जितक्या बारीक, तितकी चिप लहान.

काकांनी ऐकून घेतलं आणि ड्रॉवरमधून एक बिघडलेलं एसडी कार्ड काढलं. वर्तमानपत्र पसरून, ब्लेडने कडेची शिवण उसवून टरफल उघडलं. आत नखाएवढी हिरवी पट्टी, तिच्यावर एक मोठी काळी चिप आणि शेजारी एक छोटी. बाकी प्लास्टिक. "ही मोठी म्हणजे माल. ही छोटी?" ती कंट्रोलर, म्हटलं. कुठली माहिती कुठे ठेवायची, चिपमधली माहिती साठवणारी कुठली सूक्ष्म पेटी खराब झाली, हे ती बघते. "म्हणजे कार्डाचा खर्च म्हणजे या मोठीचा खर्च. बाकी सगळं चिल्लर."

मोठीचा हिशोब असा मांडला. सिलिकॉनची ३०० मिलिमीटर व्यासाची गोल चकती असते, वेफर. पोळी लाटून शंकरपाळे कापावेत तशा तिच्यातून चिप कापल्या जातात. भट्टीतून, रसायनांतून, यंत्रांतून अख्खी पोळी जाते, त्यामुळे खर्च पोळीचा लागतो, शंकरपाळ्याचा नाही. शंकरपाळा लहान कापला की त्याच पोळीत जास्त बसतात. ४३ भागिले ५६, त्याचा वर्ग, ०.५९. म्हणजे तेवढीच माहिती साठवणारी चिप पूर्वीच्या ५९ टक्के जागेत बसते आणि पोळीचा खर्च तोच राहिला तर गिगाबाइटमागे खर्च ४१ टक्क्यांनी उतरतो. कडेला वाया जाणारे तुकडे आणि नव्या प्रक्रियेत सुरुवातीला बिघडणारा माल धरला तर थोडा कमी.

मला वाटलं जिंकलो. एका वर्षात ४१ टक्के खर्चकपात! पिंपरीत कोणी पाहिली आहे?

काकांनी मग त्यांची वही काढली. पुण्याच्या माणसाला वही असतेच. शेअर घेतल्यापासून ते दर महिन्या-दोन महिन्यांनी तपकीर गल्लीत जाऊन २ जीबीच्या कार्डाचा भाव विचारून लिहून ठेवत होते. घेत काही नसत. दुकानदार त्यांना ओळखू लागला होता आणि त्याने चहा विचारणं केव्हाच बंद केलं होतं. नोव्हेंबर २००७: ९५० रुपये. मार्च: ६५०. जून: ५००. सप्टेंबर: ४००.

"९५०चे ४००. म्हणजे पडला किती?" ५८ टक्के. "आणि तुझा खर्च पडला ४१."

त्यांनी कागदावर चार आकडे लिहिले. गेल्या वर्षी विक्री १००, खर्च ७०. यंदा भाव साठ टक्के पडला असं धरलं तर विक्री ४०. खर्च सत्तरच्या ०.५९पट, म्हणजे ४१ आणि वर काही. गेल्या वर्षी तीस शिल्लक राहत होते, यंदा विक्रीच्या रुपयाला सव्वातीन पैसे खिशातून.

हे चार आकडे मी आजही फळ्यावर लिहितो. यातला खर्चाचा आरंभबिंदू काकांनी धरलेला होता, कंपनीच्या अहवालातला नव्हे. पण दिशा खरी होती. २००७ आणि २००८ या दोन्ही वर्षांत सॅनडिस्कचा मेगाबाइटमागचा विक्रीभाव निम्म्याहून जास्त पडला. खर्च किती उतरला हा अर्धाच प्रश्न असतो. भाव त्याच्या आधी उतरला की नंतर, हा उरलेला अर्धा.

भोसरी-चाकणच्या व्हेंडर लोकांना हे समजावून सांगावं लागत नाही. मोठी गाडी कंपनी दरवर्षी 'रेट खाली आणा' म्हणते आणि व्हेंडर तीन-चार टक्क्यांसाठी टूलिंग बदलतो, शिफ्ट बदलतो. इथे तेच दरवर्षी पन्नास-साठ टक्क्यांनी चाललं होतं. शिवाय मागणारा एक ग्राहक नव्हता, अख्खा बाजार होता.

मी शेवटचं अस्त्र काढलं. एका पेटीत दोनऐवजी तीन बिट साठवण्याचं तंत्र सॅनडिस्ककडे तयार होतं आणि चार बिटांचंही येत होतं. तेवढ्याच पोळीत दीडपट माहिती, म्हणजे ४१चे साडेसत्तावीस. काका म्हणाले, चांगलं आहे. मग त्यांनी विचारलं, सॅमसंगकडे नाही का हे? थोडं मागून का होईना, येणार होतंच. "मग हे सहा महिन्यांचं भांडवल आहे. वाड्याची मालकी नव्हे."

कारखाना अर्धा, बंधन पूर्ण

पुढचा तास आम्ही योक्काइचीत घालवला आणि माझ्या मते या प्रकरणाचा खरा गाभा तिथे आहे. फारच थोडे गुंतवणूकदार तेव्हा तिथवर पोचत होते.

सॅनडिस्क स्वतः एकटी कारखाना चालवत नव्हती. १९८८मध्ये एली हरारी, संजय मेहरोत्रा आणि जॅक युआन यांनी ती कॅलिफोर्नियात स्थापन केली. फ्लॅश स्मृतीचा, म्हणजे वीज गेली तरी माहिती टिकवणाऱ्या चिपचा, शोध लावणारे फुजिओ मासुओका तोशिबाचे. १९८७मध्ये त्यांनी नँड प्रकारची फ्लॅश मांडली आणि आज कार्ड, पेनड्राइव्ह, फोन, सगळीकडे तीच आहे. सॅनडिस्कचं पेटंटांचं गाठोडं मोठं आणि तोशिबाकडे कारखाना चालवण्याची विद्या. १९९९पासून दोघांनी हातमिळवणी केली. तोशिबाचा वाटा ५०.१ टक्के, सॅनडिस्कचा ४९.९.

फायदा उघड होता. अब्जावधी डॉलरचा कारखाना अर्ध्या पैशात मिळतो आणि सॅमसंगच्या तोडीचा आकार गाठता येतो. या धंद्यात आकार नसेल तर पोळीच महाग पडते.

पण करारातल्या अटी काकांनी दोनदा वाचायला लावल्या. सॅनडिस्कने निम्मा माल उचलायचा, खर्चावर थोडा टक्का चढवून. तीन महिन्यांचा अंदाज आधी द्यायचा आणि तो सहसा मागे घेता येत नाही. माल उचलला नाही, तरी कारखान्याच्या स्थिर खर्चाचा आपला निम्मा वाटा भरायचाच. यंत्रं भाड्याने घेतलेली, त्या भाडेकराराच्या शंभर कोटी डॉलरहून जास्त रकमेच्या हमीवर सॅनडिस्कची सही.

"हे ताळेबंदात दिसतंय का?" ताळेबंदाखालच्या टिपांत दिसतं, म्हटलं. काका हसले. कॉस्टिंगमधल्या माणसाचा टिपांवर विश्वास आणि ताळेबंदावर संशय असतो.

त्यांचं म्हणणं असं की मालक म्हणून नफ्यात निम्मा वाटा मिळतो हे ठीक, पण मंदीत कारखाना बंद ठेवण्याचा हक्क एकट्या सॅनडिस्ककडे नाही. मागणी पडली तरी माल येत राहणार, आणि आलेला माल पडत्या भावात विकावा लागणार. जे कार्डवाले कारखान्याशिवाय धंदा करतात, तैवानचे किंवा अमेरिकेतले किंग्स्टनसारखे, ते मंदीत खुल्या बाजारातून सॅनडिस्कच्या खर्चापेक्षाही स्वस्त चिप उचलून कार्ड बनवतात. तेजीत माल टंचाईचा असतो तेव्हा कारखानदार वरचढ ठरतो. दुकानात दोन्ही कार्डं एकाच काचेखाली असतात.

आणखी एक गोष्ट आम्ही तेव्हा कमी तोलली. खर्च येनमध्ये आणि विक्री बहुतांशी डॉलरमध्ये. ऑगस्टमध्ये डॉलरला ११०च्या जवळ असलेला येन डिसेंबरात नव्वदवर आला. म्हणजे पोळीचा खर्च, जपानमध्ये कोणी काही न करता, डॉलरमध्ये वीस टक्क्यांच्या आसपास वाढला. ४१ टक्क्यांच्या बचतीतला मोठा घास नुसत्या विनिमय दराने खाल्ला. मी ही नोंद वहीत घेतली नव्हती. काकांनीही नाही. ती चूक दोघांची.

रॉयल्टीच्या ओळीवर तळहात

साडेअकरा झाले होते. काकूंनी पोहे आणून ठेवले. मग काकांनी वार्षिक अहवालाच्या छापील पानावरच्या एका ओळीवर तळहात ठेवला आणि म्हणाले, आता वाच.

२००७ची एकूण विक्री ३९० कोटी डॉलर. निव्वळ नफा २१.८ कोटी. आणि तळहाताखाली होती परवाना आणि रॉयल्टीची ओळ: ४५ कोटी डॉलर.

रॉयल्टीला कच्चा माल लागत नाही, पोळी लागत नाही. वकील लागतात, ते स्वस्त नसतात, पण तरी त्या ओळीतला बहुतेक पैसा सरळ नफ्यात उतरतो. कर वगैरे वजा करूनही हिशोब स्पष्ट होता. कार्ड विकून कंपनी जवळजवळ काहीच कमावत नव्हती. तिला जगवत होती पेटंटं. आणि त्या पेटंटांचं सर्वांत मोठं भाडं भरणारं नाव होतं सॅमसंग.

म्हणजे सॅमसंग ही सॅनडिस्कची सर्वांत मोठी प्रतिस्पर्धी, नँड बाजारातल्या सुमारे चाळीस टक्क्यांची मालक. तीच सर्वांत मोठी रॉयल्टी देणारी. गरज पडली की सॅनडिस्क तिच्याकडून चिपही विकत घेई. आणि आता तीच खरेदीदार. काका शनिवार पेठेतल्या वाड्यात वाढलेले. ते क्षणभर थांबून म्हणाले, "अरे, हा तर भाडेकरू आहे. वाडा मागतोय."

आणि करार? २००२मध्ये झालेला परवाना करार ऑगस्ट २००९मध्ये संपणार होता. अकरा महिने उरले होते.

पुण्यात ज्याने वाडा पाहिला आहे त्याला पुढचं सांगावं लागत नाही. भाडेकरू मागणी कधी घालतो? मालकाच्या घरात अडचण असते आणि करार संपत आलेला असतो तेव्हा. वाडा त्याच्या नावावर झाला तर भाडं कायमचं बंद. न झाला तरी बोलणीला बसताना त्याला मालकाची अडचण माहीत असते. दोन्हीकडून तोच सुरक्षित. मालकाने नकार दिला यात मालकाचं चुकलं असं मी म्हणणार नाही. सव्वीस डॉलरमध्ये पुढच्या सात वर्षांच्या भाड्याची किंमत कितपत होती, यावर संचालकांचा राग समजण्यासारखा होता. पण मालकाला राग परवडतो तसा तीनशे शेअरवाल्या निवृत्त माणसाला परवडेलच असं नाही.

एकवीस, सव्वीस, तेरा

आता निर्णय. इथे मी उपयोगी पडलो, निदान एकदा.

भाव एकवीस, मागणी सव्वीस. सौदा फिसकटला तर भाव जुन्या तेरावर परत जाईल असं धरू. एकवीस ही तेरा आणि सव्वीस यांच्यामध्ये कुठे आहे? तेरापासून आठ वर, एकूण अंतर तेरा. आठ भागिले तेरा, साधारण ६२ टक्के. म्हणजे बाजार सांगत होता की सौदा होण्याची शक्यता दहात सहा. आपल्याला ती त्याहून कमी वाटत असेल तर विकावं, जास्त वाटत असेल तर थांबावं. यात आणखी गुंतागुंत आहे, सौद्याला लागणारा काळ आणि व्याज, पण त्या दिवशी एवढंच पुरलं.

काकांनी तीन प्रश्न विचारले. मालक नाही म्हणतोय, तो पैशासाठी नाही म्हणतोय की मनापासून? सॅमसंग आली तर योक्काइचीत तोशिबाच्या मांडीला मांडी लावून बसणार कोण? तोशिबाची नंबर एकची वैरी! आणि बाजारातला पहिल्या क्रमांकाचा कारखानदार चाळीस टक्क्यांवरून आणखी वर जाणार, त्याला वेगवेगळ्या देशांतली सरकारं होकार देणार?

तिन्ही उत्तरं ६२च्या खाली खेचणारी. मी तरी थांबा म्हणालो, कारण माझ्या डोक्यात अजून ०.५९ घुमत होतं. काकांनी सोमवारी रात्री दीडशे शेअर विकले, साडेवीसच्या आसपास. उरलेले दीडशे ठेवले. का ठेवले, असं विचारलं तर म्हणाले, "वाडा पडका असला तरी जागा पेठेत आहे." डॉलर तोवर ४६ रुपयांवर गेला होता, त्यामुळे रुपयांतला तोटा थोडा मऊ झाला. चाळीसचे साडेवीस झाले ही गोष्ट मात्र काकूंपासून लपली नाही.

पुढचं लवकर सांगतो. २० ऑक्टोबरला सॅनडिस्कने तिमाहीतला तोटा जाहीर केला. त्याबरोबर भागीदारीतल्या क्षमतेपैकी सुमारे तीस टक्के तोशिबाला सोपवून शंभर कोटी डॉलरच्या आसपास मोकळे करण्याची योजनाही सांगितली. म्हणजे बंधन हलकं करायला मालकाने वाड्याचा एक चौक विकला. दोन दिवसांनी सॅमसंगने मागणी मागे घेतली. शेअर एका दिवसात सुमारे तीस टक्के कोसळला. नोव्हेंबरात तो पाच-सहा डॉलरला मिळत होता. २००८चा वार्षिक तोटा दोनशे कोटी डॉलरच्या घरात गेला. त्यात मोठा भाग २००६मध्ये चढ्या भावात घेतलेल्या एम-सिस्टिम्ससारख्या खरेदीच्या गुडविलवर, म्हणजे मालमत्तेच्या किमतीपेक्षा जास्त मोजलेल्या रकमेवर, लाल रेघ मारण्याचा होता.

सहा डॉलरला आणखी घ्यायला हवे होते, असं आता कोणीही म्हणेल. आम्ही घेतले नाहीत. त्या महिन्यात कोणाच्या हातात काही राहिलं नव्हतं, आणि काकांच्या वहीत २ जीबीचा भाव ३२५ लिहिला होता.

मे २००९मध्ये भाडेकरूचं नूतनीकरण झालं. नवा करार सात वर्षांचा, पण सॅमसंगकडून येणारं भाडं पूर्वीच्या साधारण निम्मं. त्या बदल्यात सॅमसंगने सॅनडिस्कला चिपचा पुरवठा करायचा. काकांना फोन केला तेव्हा ते आनंदले. निम्मं का होईना, सात वर्षं. शेअरवाले तेव्हा निम्म्यावर रडत होते.

आणि मग भाव थांबला. मंदीत सगळ्यांनीच नवी यंत्रं घेणं आवरलं होतं, सॅमसंगनेही. फोन स्मार्ट होऊ लागले आणि प्रत्येकाच्या पोटात फ्लॅश जाऊ लागली. खर्च नेहमीच्या वेगाने उतरत राहिला, भाव त्याच्यापेक्षा हळू उतरला. २०१०मध्ये विक्री ४८३ कोटी आणि निव्वळ नफा १३० कोटी डॉलर. फळ्यावरचे चार आकडे तेच, फक्त ४०च्या जागी ६५ लिहायचं.

तर मग सप्टेंबर २००८मध्ये नकार देणारे बरोबर होते का? मे २०१६मध्ये वेस्टर्न डिजिटलने सॅनडिस्क घेतली तेव्हा प्रत्येक शेअरमागे ६७.५० डॉलर रोख आणि वेस्टर्न डिजिटलचा ०.२३८७ शेअर मिळाला. सगळं मिळून पंच्याहत्तर डॉलरच्या वर. सव्वीसच्या तुलनेत वर्षाला १५ टक्क्यांच्या आसपास, रुपयांत मोजलं तर वीसच्या जवळ. उत्तम परतावा. पण मधल्या काळात शेअर सहावर गेला होता, हे त्या पंधरा टक्क्यांत दिसत नाही. ज्याला त्या काळात मुलीच्या लग्नासाठी पैसे लागले त्याच्यासाठी संचालक चूक होते. विद्यार्थी यावर दरवर्षी भांडतात आणि मी मध्ये पडत नाही.

माझं मत विचाराल तर नकारापेक्षा तोशिबाला विकलेला तीस टक्के हिस्सा हा त्या वर्षातला सर्वांत शहाणा निर्णय होता. नकाराला अभिमान लागतो. आपल्याच कारखान्याचा तुकडा पडत्या बाजारात विकायला खर्चाचा खरा हिशोब माहीत असावा लागतो.

अकरा शेअर

काकांच्या दीडशे शेअरचे १०,१२५ डॉलर रोख आले आणि वेस्टर्न डिजिटलचे ३५ शेअर. उरलेल्या तुकड्याचे पैसे. ते ३५ काकांनी विकले नाहीत. विसरले म्हणतात, मला तसं वाटत नाही. दरवर्षी आयकर विवरणपत्रात परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात ते भरावे लागतात आणि दर जुलैत काका मला त्यासाठी बोलावतात, तेव्हा विसरण्याचा प्रश्न येत नाही.

फेब्रुवारी २०२५मध्ये वेस्टर्न डिजिटलने फ्लॅशचा धंदा वेगळा काढला. जुन्याच नावाने कंपनी नॅस्डॅकवर आली, आणि वेस्टर्न डिजिटलच्या दर तीन शेअरमागे एक शेअर मिळाला. काकांच्या खात्यात अकरा आले. सतरा वर्षांपूर्वीच्या तीनशेचं वंशज.

यावेळी मी आधी कारखाना बघितला. तोशिबाचा स्मृतिविभाग २०१८मध्ये विकला गेला आणि २०१९पासून किओक्सिया नावाने चालतो. सॅनडिस्कची भागीदारी अजून त्याच योक्काइचीत आहे, जोडीला कितागामीत. जून २०१९मध्ये योक्काइचीत वीज तेरा मिनिटं गेली आणि वेस्टर्न डिजिटलला सहा एक्साबाइट, म्हणजे सहाशे कोटी गिगाबाइट, मालाचं नुकसान सांगावं लागलं, हे काकांना मी सांगितलं तेव्हा त्यांना एमएसईबी आठवली. रेघा बारीक करणं आता जवळपास थांबलं आहे. २०१३मध्ये सॅमसंगने २४ थरांची चिप आणली, आता दोनशेच्या वर थर चढतात. शंकरपाळे लहान कापायचे नाहीत, पोळीवर पोळी रचायची. थर चढवायला यंत्रं जास्त लागतात, वेळ जास्त लागतो, म्हणून खर्च पूर्वीसारखा वर्षाला ४१ टक्के उतरत नाही. स्पर्धक सॅमसंग, इंटेलचा नँड विभाग घेतलेली एसके हायनिक्स, किओक्सिया स्वतः, मायक्रॉन आणि चीनची यांग्त्झे मेमरी. मायक्रॉनच्या प्रमुखपदी २०१७पासून संजय मेहरोत्रा आहेत, म्हणजे १९८८चे तेच. भाऊबंदकी म्हणतात ती हीच.

काकांनी ऐकून विचारलं, रॉयल्टीची ओळ कुठे आहे? दाखवायला तशी ओळ उरलेली नाही, म्हटलं. आता मालच विकून पोट भरायचं आहे.

२०२५च्या शेवटाकडे डेटा सेंटरची मागणी उसळली, कारखान्यांनी मागच्या मंदीत क्षमता आवरलेली होती, आणि त्या अकरा शेअरचा भाव कित्येक पटींनी चढला. मी काकांना विकायचं का विचारायला गेलो. ते आता फारसे बाहेर पडत नाहीत. त्यांनी उत्तर दिलं नाही. तपकीर गल्लीत जाऊन कार्डाचा भाव विचारून यायला सांगितलं.

गेलो. दुकानात आता जुन्या दुकानदाराचा मुलगा बसतो. २ जीबी मिळत नाही म्हणाला, १२८ जीबीचा भाव सांगितला, आणि वर म्हणाला, "मागच्या महिन्यात घ्यायला हवं होतंत, वाढलाय."

काकांनी वही उघडली. २००७पासूनची पानं, प्रत्येक ओळ तिच्या वरच्या ओळीपेक्षा लहान. शेवटच्या नोंदीखाली त्यांनी नवा आकडा लिहिला, चष्मा काढून पुसला, पुन्हा बघितला, आणि पेन माझ्याकडे दिलं. "तारीख घाल."